विमानावरचा बर्फ काढणारे द्रव : रंग, ब्रिक्स आणि घट्टपणा

मंडळी, सांबऱ्याच्या, म्हणजे बेळगाव विमानतळाच्या, धावपट्टीवर हे द्रव कधी लागत नाहीत. बेळगावची थंडी कितीही बोचली तरी विमानाच्या पंखावर बर्फ धरण्याइतकी ती पडत नाही. तरी विषय आपल्या भागापासून लांबचा नाही. हत्तरगीला विमानांचे सुटे भाग बनतात. शिवाय हे द्रव तपासायचं पहिलं उपकरण आपल्या ऊसपट्ट्यातल्या प्रत्येक साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेत असतं. त्याच्याकडे नंतर येऊ.

पंखावर बर्फाचा जाड थर बसला तरच धोका, असा समज असतो. खरं तर मध्यम खरखरीत पॉलिश पेपरइतका हिमाचा थर बसला तरी पंखाची उचल ३० टक्क्यांपर्यंत घटू शकते आणि हवेचा रोध ४० टक्क्यांपर्यंत वाढू शकतो. म्हणून उड्डाणापूर्वी पंख, शेपूट आणि हलणारे पृष्ठभाग स्वच्छ असलेच पाहिजेत. त्यात दोन कामं आहेत. बसलेला बर्फ काढणं म्हणजे डी-आयसिंग, आणि उड्डाण होईपर्यंत नवा बसू न देणं म्हणजे अँटी-आयसिंग. २२ मार्च १९९२ रोजी न्यूयॉर्कच्या लाग्वार्डिया विमानतळावर एफ-२८ जातीच्या विमानावर दोनदा द्रव मारला होता. दुसऱ्या फवारणीनंतर सुमारे ३५ मिनिटांनी ते धावलं आणि कोसळलं. २७ माणसं गेली. बर्फ काढला होता, पण वापरलेल्या टाइप-१ या पातळ द्रवाचं संरक्षण तेवढा वेळ टिकणारं नव्हतं.

द्रव चार प्रकारचे. टाइप-१ नारिंगी. ग्लायकोल (पाण्याचा गोठणबिंदू खाली नेणारं रसायन) आणि पाणी, त्यात थोडे गंजरोधक आणि ओलं करणारे घटक. पाण्यासारखा पातळ, गरम करूनच मारायचा. टाइप-२ फिकट पिवळसर, गवताच्या काडीच्या रंगाचा किंवा रंगहीन. टाइप-४ पाचूसारखा हिरवा. हे दोन्ही पॉलिमर, म्हणजे लांब साखळीचे रेणू, घालून दाट केलेले असतात. टाइप-३ पिवळा, मध्यम दाट. कमी वेगाला जमीन सोडणाऱ्या लहान विमानांसाठी तो.

दाट द्रवाची खुबी अशी, की तो स्थिर असताना पंखाला धरून राहतो आणि वारा त्याला ओढू लागला की पातळ होतो. धावपट्टीवर वेग वाढत गेला की तो मागे सरकत गळून पडतो, आणि विमान नाक उचलेपर्यंत पंख मोकळा होतो. त्यासाठी वेग पुरेसा लागतो, साधारण १०० नॉटच्या (ताशी सुमारे १८५ किलोमीटरच्या) वर. संथ विमानावर टाइप-४ मारला तर तो गळून जात नाही आणि बर्फाऐवजी द्रवच पंखाची उचल बिघडवतो.

टिकण्याची किमान कसोटी प्रयोगशाळेत अशी ठरते. १० अंश तिरकी पट्टी, उणे ५ अंश सेल्सियस तापमान, वरून पाण्याचा बारीक फवारा. बर्फ पट्टीवर ठरावीक अंतर पुढे सरकेपर्यंत टाइप-१ ने किमान ३ मिनिटं, टाइप-३ ने २०, टाइप-२ ने ३० आणि टाइप-४ ने ८० मिनिटं तग धरायची. धावपट्टीवर हे आकडे वापरायचे नाहीत. तिथे त्या दिवशीचा बर्फ, पाऊस आणि तापमान पाहून होल्डओव्हर टाइमच्या, म्हणजे द्रव किती वेळ संरक्षण देईल त्याच्या, तक्त्यातून वेळ काढतात. पण मारलेला टाइप-१ चुकून टाइप-४ समजला गेला तर काय घडेल, हे ३ आणि ८० या दोन आकड्यांत दिसतं.

मग रंग बघितला की झालं का? नाही. रंग पहिला इशारा आहे. एका टाकीतून दुसऱ्या टाकीत थोडा द्रव मिसळला तरी रंग ओळखीचाच राहतो. रात्रीच्या पिवळ्या दिव्याखाली नारिंगी आणि पिवळा सारखेच दिसतात. टाकी, नळी आणि नोझल यांवरचं नाव, बॅच नंबर आणि पावती जुळल्याशिवाय द्रव टाकीत उतरवायचा नाही.

आता रिफ्रॅक्टोमीटर. ऊस पिकला का हे पाहायला रसाचे थेंब ज्या काचेवर टाकतो, तोच हा. आधी शुद्ध पाण्यावर शून्य जुळवायचं. काच कोरडी करून नोझलमधून घेतलेल्या नमुन्याचे दोन थेंब टाकायचे. टाकीतला नमुना चालत नाही, कारण विमानावर पडतो तो नोझलमधला. झाकण लावून उजेडाकडे धरलं की निळ्या-पांढऱ्याची रेषा दिसते. तो आकडा ब्रिक्स. मात्र हे ब्रिक्स साखरेसाठी आखलेलं आहे, ग्लायकोलची टक्केवारी नव्हे. इथिलीन आणि प्रॉपिलीन ग्लायकोलचा एकच आकडा आला तरी गोठणबिंदू वेगवेगळे निघतात. म्हणून त्याच द्रवाच्या, त्याच कंपनीच्या तक्त्यावरून गोठणबिंदू काढायचा.

नियम असा : टाइप-१ चा गोठणबिंदू बाहेरच्या तापमानापेक्षा किमान १० अंश खाली, दाट द्रवांचा किमान ७ अंश खाली. बाहेर उणे ८ असेल तर टाइप-१ उणे १८ ला किंवा त्याहून खाली गोठणारा हवा.

साखरेच्या हिशोबाने जास्त ब्रिक्स म्हणजे चांगलं. इथे तसं नाही. शुद्ध इथिलीन ग्लायकोल उणे १३ अंशांच्या आसपासच गोठतं, निम्मं पाणी घातलं की उणे ३७ च्या सुमारास. गरम टाकी दिवसभर उकडत राहिली की पाणी उडून जातं आणि आकडा चढतो. आकडा चढला म्हणून खूश व्हायचं नाही, पाणी मोजून मिश्रण दुरुस्त करायचं.

आणि ब्रिक्स एक गोष्ट कधीच सांगत नाही : घट्टपणा. हेच सगळ्यांत धोक्याचं. टाइप-४ चं ब्रिक्स अगदी बरोबर येतं, गोठणबिंदू बरोबर येतो, आणि तरी द्रव निकामी झालेला असतो. सेंट्रिफ्युगल पंपाचा पंखा, अर्धवट उघडा व्हॉल्व्ह, तीव्र वळणाची नळी किंवा नोझलचा जास्त दाब यांत पॉलिमरच्या लांब साखळ्या तुटतात. म्हणून डायफ्रामसारखा सौम्य पंप वापरतात. धावपट्टीवरचा बर्फ वितळवायला वापरतात ती पोटॅशियम ॲसिटेटसारखी क्षारं मिसळली तरीही असंच होतं. बाजारात मिळणारं केसांचं जेल बशीत घ्या आणि त्यावर चिमूटभर मीठ टाकून ढवळा. बहुतेक जेलं बघताबघता पाण्यासारखी ढिली पडतात. पॉलिमरच्या साखळ्या ज्या विद्युतभारामुळे पसरून राहतात, तो मिठाने झाकला जातो आणि त्या आक्रसतात. हा बिघाड व्हिस्कोमीटरवर, म्हणजे घट्टपणा मोजणाऱ्या उपकरणावर, कळतो. नोझलमधून मारलेला नमुना २० अंशांवर आणून, बुडबुडे निघू देऊन, कमी फेऱ्यांवर मोजायचा.

फवारणीचा क्रमही तितकाच महत्त्वाचा. आधी नोझलपाशी किमान ६० अंश गरम टाइप-१ किंवा त्याचं मिश्रण मारून बर्फ काढायचा. पहिला थर गोठायच्या आत, साधारण ३ मिनिटांत, गार टाइप-४ चा सलग थर द्यायचा. होल्डओव्हर टाइम संपला तर वर आणखी टाइप-४ मारायचा नाही. सगळं धुऊन पहिल्यापासून सुरुवात करायची. इथिलीन ग्लायकोल चवीला गोड असतं आणि पोटात गेलं तर घातक ठरतं, त्यामुळे हातमोजे काढून बोट तोंडाला लावू नका.

शेवटचा प्रश्न वाळलेल्या द्रवाचा. वारंवार फक्त दाट द्रव मारलेल्या विमानात, वारा न पोहोचणाऱ्या बिजागरांत आणि फटींत त्याची करडी-पांढरी पूड साठते. पाऊस लागला की ती फुगून जेल होते आणि वर थंडीत गोठून नियंत्रणाचे पृष्ठभाग अडकवते. नुसत्या डोळ्याने ती सहसा दिसत नाही. संशयाच्या जागी कोमट पाणी शिंपडून थोडा वेळ थांबायचं. बोटाला बुळबुळीत लागलं तर ती जागा गरम पाण्याने पूर्ण धुवायची, आणि ओंगण धुतलं गेलं असेल तिथे पुन्हा लावायचं.