पोट जळतंय? आधी गोळ्यांचा डबा उघडा

मंडळी, आज गॅस्ट्रायटिस, म्हणजे जठराच्या आतल्या अस्तराला सूज येते ना, ते. आपण सगळ्यालाच ॲसिडिटी म्हणून मोकळे होतो, पण ॲसिड तर जठरात असणारच, पीएच १.५ ते २ इतकं कडक, मग जठर स्वतःलाच का पचवत नाही? कारण आतून चिकट म्युकसचा थर असतो आणि तो टिकवायला प्रोस्टाग्लँडिन नावाचं रसायन लागतं. नाव लक्षात ठेवा, लगेच लागणारे.

आता माझाच शहाणपणा ऐका. कंबर धरली होती म्हणून तीन आठवडे आयब्युप्रोफेन, मनानेच. मग बरगड्यांच्या खाली मधोमध कुरतडल्यासारखं व्हायला लागलं, तर मी काय केलं, तिखट बंद केलं! गोळी चालूच, कारण ती कंबरेची ना, पोटाचा काय संबंध? संबंध असा की ही गोळी दुखणं कमी करताना प्रोस्टाग्लँडिनच बनू देत नाही, मग थर पातळ. जेवून घेतली तरी ती रक्तातून तेच करते. डायक्लोफेनॅक, ॲस्पिरिन, सगळी तीच गँग. (हार्टसाठी ॲस्पिरिन चालू असेल तर मात्र डॉक्टरला न विचारता बंद करू नका हं.)

दुसरा आरोपी हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जंतू. पोटात जंतू जगतो यावर फारसं कोणी विश्वास ठेवेना, म्हणून १९८४ मध्ये ऑस्ट्रेलियात डॉक्टर बॅरी मार्शलने तो चक्क पिऊन टाकला, आजारी पडला, एंडोस्कोपीत सूज दिसली, आणि २००५ ला सहकारी रॉबिन वॉरनसोबत नोबेल. असला प्रयोग घरी नको, आपल्यासाठी श्वासाची किंवा शौचाची टेस्ट आहे. फक्त त्याआधी दोन आठवडे पँटोप्राझोलसारखी ॲसिड कमी करणारी गोळी डॉक्टरला विचारून थांबवावी लागते, नाहीतर जंतू असूनही रिपोर्ट निगेटिव्ह येऊ शकतो. सापडला तर १०-१४ दिवसांचा अँटिबायोटिक कोर्स, बरं वाटलं म्हणून मध्येच सोडायचा नाही.

दारू, सिगरेट तर तुम्हाला माहितीच आहे, पुढे जाऊ.

ती पँटोप्राझोल बरेचजण जेवल्यावर घेतात आणि म्हणतात फरक नाही. जेवणाआधी अर्धा तास घ्यायची, कारण ॲसिडचे पंप जेवताना सुरू होतात आणि ती चालू पंपच बंद करते.

आणि डांबरासारखी काळी, चिकट शी, रक्ताची उलटी किंवा उगाच वजन उतरणं, यातलं काही दिसलं तर व्हिडिओ बंद करा आणि डॉक्टर गाठा. लोहाच्या गोळ्यांनीही शी काळी होते, तेही त्यांना सांगा.