काठावर पास

नमस्कार मंडळी, कसे आहात, जेवणं झाली असतील किंवा कुकरची तिसरी शिट्टी व्हायची असेल, आवाज जरा मोठा करा आणि काम करता करता ऐका, कारण आज मी फुटीबद्दल बोलणारे. फुटी म्हणजे आपला गोल चेंडूचा फुटबॉल नाही हं, इथला लंबगोल चेंडूवाला, ऑस्ट्रेलियन रूल्स. ज्यांना मेलबर्नला येऊन पंधरा वर्षं झाली आणि अजून कळलेला नाही त्यांनी लाजू नका, मला पण पाच-सहा वर्षं लागली, आणि कळला तेव्हा फार उशीर झाला होता, कारण तोपर्यंत पोरगा शाळेतून काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचा स्कार्फ घालून यायला लागला होता. म्हणजे कॉलिंगवूडची टीम. इथे ज्यांचं कॉलिंगवूड असतं त्यांच्यावर बाकी सगळं शहर खार खाऊन असतं हे मला नंतर समजलं. पण एकदा झालं की झालं, टीम काय कोणी बदलत नाही.

तर विषय असा की जिंकून पण बरं वाटत नाही असं तुमचं कधी झालंय का? म्हणजे दहावीत गणितात बरोब्बर ३५ मार्क. पास आहे, पेढे पण वाटायचे, पण बाबा तोंडाकडे बघतायत आणि आपल्याला कळत नाहीये हसायचं की नाही. मी सांगतोय ती रात्र ७ सप्टेंबर २०२३ ची, गुरुवार, एमसीजीवर, म्हणजे मेलबर्न क्रिकेट ग्राउंडवर, कॉलिंगवूड विरुद्ध मेलबर्न (शहराच्या नावाची टीम पण आहे), फायनल्सची, म्हणजे सीझनच्या शेवटी कपसाठी ज्या मॅचेस होतात त्यातली, पहिली मॅच. मी, मुलगा, आणि आमच्या शेजारचे आजोबा, सत्तरीकडे झुकलेले, जन्मापासून कॉलिंगवूडचे. डब्यात पोळीभाजीचे रोल होते, आजोबांनी एक खाल्ला आणि दुसरा मागितला नाही, तेव्हाच मी ओळखायला हवं होतं की माणूस टेन्शनमध्ये आहे.

आता ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी पटकन हिशोब सांगतो, कारण पुढची सगळी गंमत या हिशोबातच आहे. दोन्ही टोकांना चार-चार खांब. मधल्या दोन उंच खांबांमधून पायाने मारून चेंडू गेला तर गोल, ६ पॉइंट. बाजूच्या छोट्या खांबाच्या आतून गेला, किंवा उंच खांबाला लागला, किंवा जाता जाता कोणाचा हात लागला, तर बिहाइंड, १ पॉइंट. म्हणजे नेम चुकला तरी रिकाम्या हाती पाठवत नाहीत, देवळात गेल्यावर प्रसाद नाही तर निदान अंगारा मिळतो तसं. चार क्वार्टर, प्रत्येकी वीस मिनिटांचा, पण चेंडू खेळात नसला की घड्याळ थांबतं म्हणून अर्ध्या तासाचा होतो. आणि मैदानाच्या दोन्ही टोकांना पन्नास मीटरवर एक कमान आखलेली असते, तिच्या आत तुम्ही किती वेळा चेंडू नेलात ते मोजतात, त्याला म्हणतात इनसाइड फिफ्टी. साधारण ज्याचा हा आकडा मोठा तो जिंकतो, कारण दारापर्यंत जास्त वेळा कोण गेलं हे त्यातून कळतं.

त्या रात्री मेलबर्न ६९ वेळा आत आलं आणि आम्ही ३७ वेळा. ६९ आणि ३७! आणि जिंकलं कोण, तर आम्ही. स्कोर ऐका, आमचे ९ गोल ६ बिहाइंड म्हणजे ६०, त्यांचे ७ गोल ११ बिहाइंड म्हणजे ५३. सात पॉइंटनी. आम्ही सुरुवातीला मिळवलेली आघाडी छातीशी धरून बसलो आणि नंतर सगळी मॅच आमच्याच खांबांसमोर चालू होती, ते येतायत, मारतायत, चुकतायत, आम्ही चेंडू कसाबसा बाहेर ढकलतोय, ते परत येतायत. माझ्या मागे एक बाई बसल्या होत्या त्या शेवटी शेवटी स्कार्फ डोक्यावरून पांघरून बसल्या, त्यांना बघायचंच नव्हतं. कबड्डी बघणाऱ्यांना कळेल, दोन पॉइंटची आघाडी आहे, दीड मिनिट उरलंय, आणि रेडर लाइन ओलांडून नुसता वेळ काढून परत येतो, घरच्या मॅटवर सुद्धा लोक त्याला टाळ्या वाजवतात पण त्या टाळ्यांत जीव नसतो, तसंच.

आणि अजून एक गोष्ट झाली त्या मॅचमध्ये, ती सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही. पहिल्याच क्वार्टरमध्ये आमचा ब्रेडन मेनार्ड चेंडू अडवायला हवेत झेपावला आणि खाली येताना मेलबर्नच्या अँगस ब्रेशॉवर जाऊन आदळला. ब्रेशॉ बेशुद्ध. स्ट्रेचर आलं. नव्वद हजारांच्या वर माणसं होती मैदानात आणि अशी शांतता की मुलाने माझा हात धरला. पुढे मेनार्डची ट्रिब्युनलसमोर, म्हणजे लीगच्या कोर्टासमोर, सुनावणी झाली, तो सुटला, फायनल खेळला. ब्रेशॉ मात्र परत कधीच खेळला नाही, फेब्रुवारी २०२४ मध्ये डॉक्टरांच्या सल्ल्याने निवृत्त झाला, वय २८. कोण चूक कोण बरोबर यावर इथे ऑफिसात आठवडाभर भांडणं चालली होती, मी त्यात पडत नाही. पण त्या रात्री जिंकल्यावर क्लबचं गाणं वाजलं तेव्हा मी तोंड हलवत होतो फक्त, हे खरं.

परत येताना वेरिबी लाइनच्या ट्रेनमध्ये सगळा डबा काळा-पांढरा, आणि कोणी ओरडत नाहीये. हरलेल्यांची ट्रेन असावी असं वाटत होतं. एक जण म्हणाला असं खेळलो तर पुढच्या मॅचला धुलाई आहे. दुसरा म्हणाला अरे चार-पाच मेन प्लेयर फॉर्मात नसताना जिंकलो, हे काय कमी आहे का. तिसरा, ऑफिसचं लॅनयार्ड अजून गळ्यात, तो म्हणाला मेलबर्न चुकलं म्हणून आपण जिंकलो, आपण काही केलंच नाही. यावर एक पोरगी, असेल सोळा-सतराची, ती म्हणाली, मग त्यांच्यावर मारताना प्रेशर कोणी आणलं? सगळे गप्प. मला तिचं म्हणणं तेव्हा पटलं नव्हतं, मी लॅनयार्डवाल्याच्या बाजूचा होतो. आजोबा खिडकीतून बाहेर बघत होते. मी विचारलं काय वाटतं, तर म्हणाले, एक आठवडा सुट्टी मिळाली, गुडघ्यांना आराम. खेळाडूंच्या की स्वतःच्या ते सांगितलं नाही.

आता ही भीती आली कुठून, तर तिच्या मागे इतिहास आहे. कॉलिंगवूडने १९५८ साली कप जिंकला आणि त्यानंतर थेट १९९० ला. मधल्या काळात आठ ग्रँड फायनल, म्हणजे कपची शेवटची मॅच, हरले. आठ! आणि एक बरोबरीत सुटली, १९७७ ची, ती पुढच्या आठवड्यात परत खेळली आणि परत हरले. १९६६ ला सेंट किल्डाशी एका पॉइंटने, ७४-७३, आणि तो विजयी पॉइंट म्हणजे नेम चुकलेला बिहाइंड. सेंट किल्डाचा आजपर्यंतचा तो एकमेव कप. आणि सगळ्यात मोठी जखम १९७० ची. हाफटाइमला आम्ही ४४ पॉइंटने पुढे, समोर कार्लटन, मैदानात १,२१,६९६ लोक, आणि शेवटी १० पॉइंटने हरलो. आजोबा तेव्हा शाळेत होते, वडिलांबरोबर गेले होते. हाफटाइमला वडिलांनी शेजारच्या माणसाशी हात मिळवला, झाली मॅच म्हणून. त्यानंतर त्यांनी आयुष्यात कधी मॅच संपल्याचा सायरन वाजायच्या आधी कोणाशी हात मिळवला नाही, असं आजोबा सांगतात. मी त्यांचं हे तीनदा ऐकलंय, तिन्ही वेळा सेम टू सेम.

त्यामुळे आजकालच्या पोरांना ही टीम जशी दिसते तशी आजोबांना दिसत नाही. २०२१ ला आम्ही १८ टीममध्ये १७ वे होतो. मग क्रेग मक्रे कोच म्हणून आला आणि २०२२ ला सलग ११ मॅच जिंकलो, त्यातल्या कितीतरी नखभर फरकाने. एसेंडनविरुद्ध तर सायरन वाजल्यावर जेमी एलियटने कोपऱ्यातून, जिथून खांब जेमतेम दिसतात, गोल मारला. शेवटच्या राउंडला कार्लटनला एका पॉइंटने हरवून फायनल्सच्या बाहेर काढलं. (१९७० चा थोडा तरी हिशोब.) आता इथल्या टेबलमध्ये पर्सेंटेज म्हणून एक प्रकार असतो, तुम्ही केलेले पॉइंट भागिले तुमच्यावर झालेले, गुणिले शंभर. चौथ्या नंबरवर येऊन, १६ मॅच जिंकून आमचं पर्सेंटेज होतं १०४ च्या आसपास. म्हणजे वर्षभर जेवढं दिलं जवळपास तेवढंच घेतलं. पेपरवाले म्हणायचे हे नशीब आहे, नशीब फिरतं. आणि फिरलं की, त्याच वर्षी सेमीला, म्हणजे इथे प्रिलिमिनरी फायनल म्हणतात, सिडनीकडून ९५-९४, एका पॉइंटने घरी.

म्हणून २०२३ च्या त्या गुरुवारी सगळ्यांच्या मनात हेच की झालं, परत तीच गोष्ट, आज काठावर पास झालो, पुढे नापास. मग दोन आठवड्यांनी जीडब्ल्यूएसविरुद्ध, म्हणजे वेस्टर्न सिडनीच्या टीमविरुद्ध, प्रिलिमिनरी. स्कोर काय, ५८-५७. दोघांचे आठ-आठ गोल, आमचा एक बिहाइंड जास्त. एक पॉइंट! मी ही मॅच घरी बघितली, बायको म्हणाली तुम्ही हा खेळ आनंदासाठी बघता ना नक्की? मी उत्तर दिलं नाही, उत्तर नव्हतंच.

आणि मग ३० सप्टेंबर, ग्रँड फायनल, ब्रिस्बेन. १,००,०२४ लोक. बॉबी हिल, छोटा चणीचा पोरगा, ज्याच्यावर आदल्याच वर्षी कॅन्सरचे उपचार झाले होते, त्याने चार गोल मारले आणि मॅचचा बेस्ट प्लेयर ठरला. शेवटच्या क्वार्टरमध्ये चार्ली कॅमरनने ब्रिस्बेनला पुढे नेलं, मग आमचा डीगोई, मग स्टील साइडबॉटमने लांबून घातला, मग त्यांच्या जो डॅनिहरने परत एक, चार पॉइंटचा फरक, आणि उरलेला वेळ मी टीव्हीकडे पाठ करून घड्याळाकडे बघत काढला. जिंकलो. आता स्कोर नीट ऐका. ब्रिस्बेन १३ गोल ८ बिहाइंड, ८६. कॉलिंगवूड १२ गोल १८ बिहाइंड, ९०.

म्हणजे गोल त्यांचे जास्त. कप आमचा. अठरा वेळा नेम चुकला आमचा, मी घरात अठरा वेळा कपाळावर हात मारला, अरे काय मारतायत, मेलबर्नवर हसत होतो आणि आता बघा, असं म्हणत होतो, आणि शेवटी त्याच चुकलेल्या नेमांच्या चिल्लरवर कप आला. रात्री झोप येईना म्हणून मी बेरीज केली. तीन फायनल्स, ७ अधिक १ अधिक ४, म्हणजे १२ पॉइंट. अख्खा कप दोन गोलांच्या फरकाने. एवढ्या फरकात तर लोक एक मॅच जिंकली तरी तोंड वाकडं करतात!

तेव्हा मला ट्रेनमधली ती पोरगी आठवली. कारण ६९ वेळा आत येऊन फक्त सात गोल होतात ते काही नुसतं आपोआप होत नाही, मागे डार्सी मूर आणि मंडळी प्रत्येक चेंडूवर लटकत होती, मारणाऱ्याला सरळ उभं राहू देत नव्हती. आम्हाला ते दिसलं नाही कारण आम्ही सगळा वेळ स्कोरबोर्डकडे बघत होतो, की कधी संपतंय एकदाचं. लॅनयार्डवाला पूर्ण चूक होता असं पण मी म्हणणार नाही. २०२४ ला हीच टीम, हाच कोच, दोन मॅच बरोबरीत सुटल्या, आणि आम्ही नववे आलो, फायनल्सच्या पहिल्या आठात जागा नाही. कप घेतल्याच्या दुसऱ्याच वर्षी! तेव्हा माझ्या मुलाने विचारलं की आपण खराब झालो का, मी म्हटलं नाही रे, थोडं इकडचं तिकडे झालं. तो म्हणाला म्हणजे आधी चांगले नव्हतोच? घ्या. पोरांना शाळेत लॉजिक शिकवतात आणि भोगायचं आम्ही.

बरं, ज्यांना बघायचाय त्यांनी एकदा एमसीजीवर जाऊन बघाच, टीव्हीवर अर्धं मैदान दिसतच नाही. आपल्यातले बरेच जण फक्त क्रिकेटला जातात तिथे, ऑक्टोबर २०२२ ला पाकिस्तानविरुद्ध कोहलीने नाबाद ८२ केल्या तेव्हा आम्ही पण होतो, घसा बसला होता चार दिवस. ती पण शेवटच्या बॉलवरची मॅच, पण तेव्हा कोणाच्या मनात आलं नाही की अरे आपण नीट नाही जिंकलो. ३१ वर ४ आउट होते आपले! ते सगळे विसरले. फुटीवाले मात्र विसरत नाहीत, जिंकल्याच्या दुसऱ्या दिवशी पोस्टमॉर्टेम करत बसतात. मला वाटतं दर आठवड्याला मॅच असते ना, मार्चपासून सप्टेंबरपर्यंत, त्यामुळे आजचा विजय साजरा करायचा की पुढच्या शनिवारची काळजी करायची यात काळजीच जिंकते.

शेजारचे आजोबा आता मैदानात येत नाहीत, पायऱ्या चढवत नाहीत. घरी बघतात. पण शेवटची पाच मिनिटं उरली आणि फरक दोन गोलांच्या आत असला की ते टीव्ही चालू ठेवून मागच्या अंगणात जातात आणि झाडांना पाणी घालतात, रात्रीचे दहा वाजले असू देत, जुलैची थंडी असू दे, पाऊस पडत असला तरी. आमच्याकडे कुंपणापलीकडून नळाचा आवाज येतो. मग मुलगा म्हणतो बाबा, आजोबांचा नळ, आणि मी हातातलं काम टाकून टीव्ही लावायला पळतो.