खणाचा शंकरपाळा: उरेब शिवणीबद्दल थोडं

हा खण बघा, घरून ओटीसाठी म्हणून आणलाय, काम झालं की मला परत पाहिजे. ओटीत ठेवताना आपण त्याची त्रिकोणी घडी घालतो ना, तर आता ती जी तिरकी बाजू आहे ती दोन्ही हातांनी ओढा. ताणते की नाही? आता काठाच्या बाजूने ओढा. ढिम्म हलत नाही. कापड तेच, धागे तेच, यात लायक्रा-बियक्रा असला ताणणारा धागा काही नाही.

हेच उरेब, म्हणजे धाग्याला तिरकं धरलेलं कापड. उभे आडवे धागे मिळून बारीक बारीक चौकोन असतात, तिरकं ओढलं की चौकोनाचा शंकरपाळा होतो, धागा लांबत नाही फक्त चौकोन कलतो, आणि लांबीला वाढलं की रुंदीला आवळतं. सगळ्यात जास्त ताण ४५ अंशाला मिळतो, १०-१५ अंश तिरकं कापून "मॅडम उरेब घेतलंय" म्हणायचं असेल तर म्हणा, पण पोटरीला खोटं बोलता येत नाही.

मी क्लास लावला तेव्हा पहिला चुडीदार सरळ कापडातच कापला होता. मापं अगदी बरोबर. बाईंच्या पायात तो टाचेपासून कसाबसा वर गेला आणि गुडघ्याशी अडकला, त्यातून त्या खाली बसल्या आणि आसनाची, म्हणजे दोन पायांमधली, शिवण तटकन गेली. माप चुकलं नव्हतं, कापडाला वाकायला जागाच ठेवली नव्हती. चुडीदारमध्ये खाली जी जादा लांबी ठेवतो ती घोट्यावर बांगड्यांसारखी गोल बसते ती पण उरेबमुळेच, सरळ कापडाच्या चुण्या कागदासारख्या बाहेर येतात.

आता तुम्ही म्हणाल तिरकं कापलं की कापड फार वाया जातं. जातंच. म्हणून तर जुने मास्तर आधी थैली शिवायचे. कापड तिरकं दुमडून काठाला काठ जोडायचा, पिशवी तयार, त्या पिशवीत धागा आपोआप तिरका फिरतो, मग ती सपाट ठेवून दोन्ही पाय कापायचे. जुन्या चुडीदारच्या पायावर तिरका जोड दिसायचा तो कापड कमी पडलं म्हणून नाही हो, तो थैलीचा जोड! मला आजही ही भूमिती कुठल्याही पॅटर्न सॉफ्टवेअरपेक्षा भारी वाटते. एक सांभाळा, दोन्ही पायांचा उरेब आरशातल्यासारखा उलट-सुलट यायला हवा, दोन्ही एकाच दिशेला आले तर एक पाय फिरतो आणि शिवण नडगीवर येते.

पॅरिसच्या मादलेन व्हिओने यांनी १९२०च्या दशकात अख्खे गाऊन उरेब कापून नाव केलं, छानच आहेत ते, पण घट्ट पायजम्याला उरेब लागतो हे आपल्या शिंप्यांना त्यासाठी पॅरिसकडून शिकावं लागलं नाही. लायक्राचा धागा तर १९५८चा. लेगिंग्ज आल्या आणि थैली विसरली गेली.

ब्लाउजमध्ये मात्र सगळं उरेब करू नका. पाठ सरळ धाग्यावरच ठेवा, नाहीतर दोन धुण्यांत गळा खांद्यावरून उतरतो. कटोरी, म्हणजे छातीवरचा वाटीसारखा तुकडा, उरेब घ्या, गोलाईवर ती टक्सच्या (शिवलेल्या चिमटीच्या) टोकासारखी टोचत नाही. कोपरापर्यंतची घट्ट बाही उरेब घेतली की हात वाकवताना आवळत नाही. आणि गोल गळ्याला उरेब पट्टीच लागते, सरळ पट्टी लावली की चुण्या पडतात हे तुम्ही सगळ्यांनी एकदा तरी केलंय, माना हलवू नका.

खरा घोळ शिवणीत होतो. कापड ताणतं पण टाक्यातला दोरा ताणत नाही, म्हणून तो तुटतो. टाका बारीक ठेवा, शिवताना कापड अगदी किंचित ताणून धरा, किंवा मशीनला असेल तर नावापुरता झिगझॅग द्या. पण गळ्याला आणि मुंढ्याला (बाही जोडतो त्या गोलाईला) उलटं, तिथे आधीच एक कच्ची टीप मारून वाढणं थांबवायचं. अनारकलीच्या कळ्या (घेराचे वर निमुळते तुकडे) जोडताना एका कळीची तिरकी बाजू दुसरीच्या सरळ बाजूला लावा, सरळ बाजू तिरकीला धरून ठेवते. तिरकीला तिरकी लावली की शिवण लोंबते आणि घेराला लाटा येतात.

आणि अंब्रेला घेर शिवला की लगेच खाली दुमडू नका, रात्रभर हँगरला टांगा. जिथे जिथे उरेब आहे तिथे तो स्वतःच्या वजनाने खाली उतरतो, मग सकाळी अंगावर घालायला लावून जमिनीपासून मोजून कापायचा. गिऱ्हाईक घाई करतं, करू दे.

बरं, खण कुठपर्यंत गेला? मागच्या रांगेत? ओढून ओढून शंकरपाळा केला असणार, द्या इकडे.