दुबाक्सी कोण?

नमस्कार, श्रोतेहो.

आज एका आडनावाबद्दल बोलायचं आहे. ते माझंच आहे, तेव्हा थोडा पक्षपात होणार, हे आधीच कबूल करून टाकतो. आडनाव आहे दुभाषी.

गोवा मुक्त होऊन आठ-दहा वर्षं झाली असतील. वडील मला घेऊन एका कचेरीत कसल्याशा दाखल्यासाठी गेले होते. मी हाफ पँटमध्ये, बाकावर पाय हलवत बसलेलो. आतला कारकून बाहेरून बदलून आलेला, नवा. एकेक कागद उचलायचा आणि नाव पुकारायचा. मध्येच त्याने हाक दिली, "दुबाक्सी! दुबाक्सी कोण?" कुणीच उठलं नाही. वडील शांतपणे पेपर वाचत होते. आणखी दोनदा पुकारा झाला, मग तो कागद गठ्ठ्याच्या तळाशी गेला. दुपारचे जेवणाचे वाजले, बाकं रिकामी झाली, तेव्हा कुठे वडिलांनी उठून चौकशी केली आणि उलगडा झाला की, दुबाक्सी म्हणजे आम्हीच!

त्याचं असं झालं. वडिलांच्या जन्माची नोंद पोर्तुगीज अमदानीतली. पोर्तुगीजमध्ये 'श' चा उच्चार लिहायला एक्स हे अक्षर वापरतात. शंकर तिथे एक्सने सुरू होतो, केशवच्या पोटातही एक्स येतो. आमचं आडनाव त्या वहीत डी, यू, बी, ए, एक्स, आय असं बसलेलं. लिस्बनच्या डोळ्यांनी वाचलं तर अगदी बिनचूक दुबाशी. पण तो कारकून इंग्रजीच्या वळणाने वाचणारा, त्याला त्यात अक्सीच दिसणार. पुढे वडिलांना प्रतिज्ञापत्र करावं लागलं की, दुबाक्सी आणि दुभाषी हे दोन इसम नसून एकच आहेत. तो कागद आजही आमच्या कपाटात आहे. घरातल्या तीन पिढ्यांचं इंग्रजी स्पेलिंग तीन तऱ्हेचं आहे, आणि पासपोर्टाची वेळ आली की कपाटातून तो कागद बाहेर निघतो.

हे आमच्याच नशिबी आलं असं नाही. जुन्या नोंदींत शेणवींचे सिनाय झाले, प्रभूंचे पोरोब झाले, केणींच्या सुरुवातीला क्यू हे अक्षर आलं. कुठल्याही गोवेकराच्या घरची ट्रंक उघडा, असा एखादा कागद सापडेलच.

आता हे आडनाव किती जणांचं? जाडजूड टेलिफोन डिरेक्टरी घरोघरी असायची त्या काळात मला एक खोड होती. नवी डिरेक्टरी आली की आधी आपलं पान उघडायचं. नाईक संपता संपत नसत, गावकरांची तीच गत, फर्नांडिसांची तर विचारूच नका. मडगावच्या बाजारात 'ओ नाईक' म्हणून हाक मारून बघा, अर्धा बाजार वळून पाहील. आणि दुभाषी? बोटाचं एक पेर ठेवलं की त्याखाली झाकून जायचे. गोव्यात थोडे, कारवारकडे थोडे, काही मुंबईत, काही बेळगावात. कुणी अनोळखी दुभाषी भेटला तर दहा मिनिटांत नातं तरी निघतं, नाही तर कुलदेव तरी एक निघतो.

अर्थ सांगायला पंडित नको. दु म्हणजे दोन. दोन भाषा बोलणारा तो दुभाषी. राजाच्या, बंदराच्या किंवा व्यापाऱ्याच्या पदरी राहून एकाचं बोलणं दुसऱ्याला समजावून सांगणारा माणूस. हाच शब्द किनाऱ्या-किनाऱ्याने फिरला. तमिळ मुलखात इंग्रज आणि फ्रेंच कोठ्यांवर दुभाष हे मोठं वजनदार पद होतं. पाँडिचेरीचा आनंद रंग पिल्लै हा फ्रेंचांचा दुभाष. 1736 पासून त्याने तमिळमध्ये लिहिलेली रोजनिशी आजही इतिहासकारांना सोडवत नाही. मुंबईत जहाजांना धान्य, पाणी, दोरखंड पुरवणाऱ्याला दुभाष म्हणू लागले आणि ते पारशांचं आडनाव झालं. काळा घोड्याजवळचा के. दुभाष मार्ग अनेकांच्या पायाखालचा असेल. त्या पाटीखाली उभं राहून मी एकदा उगाच फोटो काढून घेतला होता. आमचं त्यांच्याशी काही नातं नाही, पण म्हटलं, धंदा तर एकच!

देशावर विजापूरकरांची, मोगलांची भाषा फारसी. म्हणून तिकडचा आमचा भाऊबंद म्हणजे पारसनीस. फारसीनवीस या शब्दाचंच ते रूप. फारसी पत्रं वाचायची, फारसीत उत्तरं लिहायची. फरक एवढाच की पारसनीस लेखणीचा माणूस आणि दुभाषी तोंडाचा.

पोर्तुगीजांकडे या कामाला शब्द होता लिंग्वा. लिंग्वा म्हणजे जीभ. दुभाषा हा त्यांच्या लेखी अख्खा माणूस नव्हेच, नुसती जीभ. आणि सरकारदरबारचा जो अधिकृत दुभाषी असे त्याला म्हणत लिंग्वा दु इश्तादु, राज्याची जीभ. मला या पदवीचं हसू येतं आणि थोडं भयही वाटतं. जीभ दातांमध्ये राहते, हे आपल्याकडे लहान मूलही सांगेल.

गोव्याच्या किनाऱ्यावरच्या एका फार जुन्या लिंग्वाची हकीकत तर अशी आहे की, ती ऐकून कुणी हे आडनाव हौसेने घेऊ नये. 1498 साली वास्को द गामा परतीच्या वाटेवर आमच्या काणकोणच्या दक्षिणेला अंजदीव बेटाशी जहाजं लावून होता. तिथे एक माणूस गोड बोलत जहाजावर आला. त्याला इटलीकडची बोली येत होती. जन्माने ज्यू, देशोदेशी भटकत इकडे येऊन गोव्याच्या मुसलमान अंमलदाराच्या चाकरीत लागलेला. गामाला वाटलं, हा हेर. फटके मारून त्याच्याकडून कबुली घेतली आणि त्याला तसाच जहाजावर घालून पोर्तुगालला नेलं. तिथे त्याचा बाप्तिस्मा झाला, आणि नाव मिळालं गास्पार द गामा. म्हणजे ज्याने फटके मारवले त्याचंच आडनाव! पुढे हाच गास्पार पोर्तुगीजांचा भरवशाचा दुभाषी बनला. 1500 साली काब्राल या पोर्तुगीज कप्तानाच्या ताफ्यातून पुन्हा निघाला. तो ताफा वाटेत ब्राझीलच्या किनाऱ्याला लागला. तिथे मात्र बिचाऱ्याची एकही भाषा कामाला आली नाही.

तिथून पुढे साडेचारशे वर्षं गोव्यात पोर्तुगीज राहिले. त्यांना शेजारी कोण? विजापूरकर, मग मराठे, सावंतवाडीकर, सोंद्याचा राजा. या सगळ्यांशी पत्रव्यवहार. पणजीच्या पुराभिलेखागाराची सुरुवात 1595 ची. पहिला रखवालदार होता दियोगु द कोतु हा बखरकार. तिथे शेजारच्या राजांच्या पत्रव्यवहाराचे स्वतंत्र ग्रंथच बांधून ठेवलेले आहेत. डॉ. पांडुरंग पिसुर्लेकरांनी हयात घालवून ही दप्तरं लोकांसमोर आणली, आणि पोर्तुगीजांच्या वतीने बोलणी करणारे हिंदू, मुसलमान वकील-दुभाषे कोण होते, यावर एक आख्खा ग्रंथ लिहिला. पिसुर्लेकर स्वतः सत्तरी तालुक्यातल्या पिसुर्ल्याचे. त्यांचं आडनावही काही गल्लोगल्ली ऐकू येणारं नाही.

मी कधीकधी त्या दुभाष्याच्या जागी बसून पाहतो. समोर मोडीतलं पत्र. मायन्यातच 'अखंडितलक्ष्मीअलंकृत राजमान्य राजश्री'. समोर विजरई बसलेला. व्हाइसरॉयला आपल्या जुन्या कागदांत विजरई म्हणतात, हा शब्दही कुणा दुभाष्याच्याच तोंडात घडला असावा. आता या अखंडितलक्ष्मीचं पोर्तुगीज काय करायचं? गाळावं तर पाठवणाऱ्याचा अपमान, जसंच्या तसं सांगावं तर विजरई विचारणार, ही लक्ष्मी कोण? आणि पत्राच्या शेवटी गोड शब्दांत धमकी असेल तर ती किती गोड ठेवायची, किती कडू, हे ठरवणार कोण? पगार एकाचा खायचा आणि दुसऱ्याच्या मुलखात शेतीवाडी, नातीगोती. दोन्ही बाजूंना संशय यायचाच. दुभाष्या म्हणजे दुतोंड्या, असं म्हणायला लोकांना वेळ लागत नाही. शाळेत मलाही म्हणत.

1684 साली तर काउंट द आल्व्होर या विजरईने फर्मान काढलं की, लोकांनी तीन वर्षांत आपली भाषा सोडून पोर्तुगीज बोलायला लागावं. फर्मान चाललं असतं तर आमचा धंदाच बुडाला असता! तीन वर्षं गेली, तीनशे गेली. लोक घरात कोंकणी बोलत राहिले, देवळात आणि शाळेत मराठी, कचेरीत पोर्तुगीज. आणि पोर्तुगीजांच्या कचेरीत मराठी पत्रं वाचायला दुभाषी लागतच राहिला.

मग प्रश्न असा की, जिथे इतकी दुभाषेगिरी चालली तिथे हे आडनाव इतकं दुर्मीळ का?

आपली बहुतेक आडनावं गावावरून आली. हळदोण्याचे हळदोणकर, हरमलचे हरमलकर, कुंकळ्ळीचे कुंकळ्येकर, बोरीचे बोरकर. पण गावात राहणाऱ्याला गावाचं नाव कोण लावणार? तिथे सगळेच तिथले. तिथे विचारतात, वयल्या घरचो की सकयल्या घरचो, म्हणजे वरच्या घरचा की खालच्या? नदी ओलांडून दुसऱ्या गावी गेलात की मग तुम्ही अमुककर. आणि एका गावातून शंभर घरं उठली तर शंभर घरं त्याच नावाची, जात कुठलीही असो. अशी आडनावं फोफावतात.

कामावरच्या आडनावाचं तसं नाही. मंगेशीचंच बघा. मास्टर दीनानाथांच्या वडिलांच्या घराण्याकडे मंगेशाच्या देवळात अभिषेकाचं काम. दीनानाथांनी गावावरून मंगेशकर लावलं. त्यांच्याच नात्यातल्या पंडित जितेंद्र अभिषेकींच्या घरी कामाचंच नाव राहिलं. गंमत अशी की गावाला मंगेशी हे नाव देवामुळे, आणि देव तिथला मूळचा नव्हेच, 1560 मध्ये कुठ्ठाळीहून आणलेला. देव स्थलांतरित, त्याचं नाव गावाला, गावाचं नाव माणसाला, आणि त्या माणसाच्या लेकीने ते जगभर नेलं. पण अभिषेकी किती भेटतात? देवळात अभिषेकाचा मान एखाद्या-दुसऱ्या घराण्याचा. दरबारातही जीभ एकच लागते, फार तर दोन. त्यातही जे ते काम करत, त्यांतल्या अनेकांना आधीचीच शेणवी, कोठारी अशी भारदस्त नावं होती. ती टाकून दुभाषी म्हणवून घेण्याची गरज कुणाला?

आणखी एक कारण मला दिसतं, ते माझं स्वतःचं आहे. गोव्यात दोन भाषा येणं यात विशेष ते काय? पाव विकणाऱ्या पोदेराला येतात, मासे विकणारीला येतात, देवळातल्या भटजींनाही येतात. पाव, साबण, चावी, पगार, लिलाव, घमेलं हे शब्द पोर्तुगीजमधून आपल्याकडे आले, ते काही राज्याच्या जिभेने आणले नाहीत. ते आणले स्वयंपाक्यांनी, सुतारांनी, धोब्यांनी, खलाशांनी. त्यांना कुणी दुभाषी म्हटलं नाही. ज्याला त्याचे पैसे मिळाले त्याला तेवढं म्हटलं. आमच्या घरी सांगतात की कुणी पूर्वज जकातीच्या चौकीवर हे काम करायचा. कागद एकही नाही, म्हणून मीही छातीठोकपणे सांगत नाही.

नावाला जागलेला एक दुभाषी मात्र सांगण्याजोगा आहे. वामन मंगेश दुभाषी, 'ऋग्वेदी' या नावाने लिहीत. पु. ल. देशपांडे यांचे आईकडचे आजोबा. त्यांनी रवींद्रनाथांची गीतांजली मराठीत आणली, तीही अभंगांत. बंगालीतलं गाणं आणि तुकोबाचा छंद! दुसरे डॉ. प. रा. दुभाषी, आमच्या गोवा विद्यापीठाचे कुलगुरू होते. त्या काळात मला लोक विचारायचे, तुमचे कोण? मी नुसता हसायचो. नाही म्हणायचं जिवावर यायचं.

परवाची गोष्ट सांगतो आणि थांबतो. बँकेत गेलो होतो. पेन्शनवाल्यांचा हयातीच्या दाखल्याचा मोसम, रांग दारापर्यंत. खिडकीवरची मुलगी लांबच्या राज्यातली, चुणचुणीत, पण बोलणार हिंदी. माझ्या पुढे सत्तरीतल्या एका खेड्यातून आलेली म्हातारी. सामाजिक सुरक्षेचे पैसे दोन महिने जमा झाले नव्हते. मुलगी सांगत होती की आधारवरचं नाव आणि पासबुकावरचं नाव जुळत नाही. म्हातारीने मागे वळून मला विचारलं, "बाबा, कितें म्हणटा तें चेडूं?" मी सांगितलं. तिचं उत्तर मुलीला सांगितलं. मुलीचं परत हिला. दहा मिनिटं हे चाललं. मागच्यांनी कुरकूर केली. शेवटी एक अर्ज आणि एक प्रतिज्ञापत्र, एवढ्यावर मिटलं.

बाहेर ओट्यावर ती थांबली होती. "खंयचो रे तूं?" मी गाव सांगितलं. "आडनांव?"

"दुभाषी."

तिने मला खालपासून वरपर्यंत पाहिलं. "तें आडनांव न्हय रे, तें काम." आणि पिशवीतून घडी घातलेला दुसरा कागद काढून माझ्या हातात दिला. "बरें, आतां हें वाच पळोवया."

वीजबिल होतं.