फॉलआउट ४ मधील चिलखत: आकड्यांमागचे गणित आणि वर्कबेंचवरचे काम

[कॅमेऱ्यासमोर]

नमस्कार मंडळी. 'फॉलआउट ४' हा व्हिडिओ गेम खेळणाऱ्या अनेकांची सुरुवात सारखीच असते: व्हॉल्ट १११ या भूमिगत आश्रयातून बाहेर पडायचे, काँकर्ड या गावी पोहोचायचे, पडलेल्या रेडरच्या, म्हणजे लुटारूच्या, अंगावरचे जे मिळेल ते अंगावर चढवायचे आणि पुढचे पंचवीस-तीस तास केवळ मोठ्या आकड्याचा तुकडा मिळाला की जुना टाकून द्यायचा. मीही बराच काळ तसाच खेळलो. त्यात चूक अशी की चिलखताच्या आकड्याचा अर्थ काय, हे समजून न घेताच आपण त्याच्यामागे धावत राहतो. आज आपण तो अर्थ आधी समजून घेणार आहोत, कारण निवड आणि सुधारणा या दोन्ही गोष्टी त्यातूनच ठरतात.

[पडद्यावर: पिप-बॉयवरील प्रतिकाराचे तीन आकडे]

पिप-बॉयवर, म्हणजे पात्राच्या मनगटावरच्या छोट्या संगणकावर, तीन प्रतिकार दिसतात. डॅमेज रेझिस्टन्स म्हणजे गोळ्या, नखे, लाठ्याकाठ्या यांपासूनचे संरक्षण, एनर्जी रेझिस्टन्स म्हणजे लेझर आणि प्लाझ्मा यांपासूनचे, आणि तिसरा किरणोत्सर्गापासूनचा. छाती, दोन हात आणि दोन पाय अशा पाच जागी तुकडे बसतात, त्यांच्या आत कपड्यांचा एक थर असतो, आणि या सगळ्यांची बेरीज होऊन एकच आकडा तयार होतो. गोळी दंडावर लागली तर फक्त दंडाचे चिलखत कामी येते, असे या खेळात नाही.

आता खरा मुद्दा. हा आकडा शत्रूच्या माऱ्यातून सरळ वजा होत नाही. मारा आणि प्रतिकार यांच्या गुणोत्तरावरून किती इजा आत येणार हे ठरते. शत्रूच्या गोळीची ताकद ४० आहे आणि तुमचा प्रतिकारही ४० आहे, असे समजा. अशा वेळी साधारण निम्मी, म्हणजे २० इतकी इजा होते. प्रतिकार ८० केला तर इजा साडेपंधरापर्यंत खाली येते, आणि १६० केला तर सुमारे १२ पर्यंत. म्हणजे पहिल्या ४० गुणांनी तुमचे २० वाचवले, पुढच्या ४० गुणांनी जेमतेम साडेचार, आणि त्यानंतरच्या तब्बल ८० गुणांनी केवळ साडेतीन. हे गणित एकदा मनात बसले की वजनदार पत्र्याचे तुकडे गोळा करत फिरण्याची ओढ आपोआप कमी होते.

याच गणिताची दुसरी बाजूही लक्षात घेण्यासारखी आहे. प्रतिकार तोच ४० ठेवा. पाइप पिस्तुलाची १० ताकदीची गोळी आली तर फक्त ३ इजा होते. पण दूरवरच्या नेमबाजाची ८० ताकदीची गोळी आली तर एक्कावन्नच्या आसपास इजा होते. झरझर सुटणाऱ्या हलक्या गोळ्यांसमोर चिलखत उत्तम काम करते, एकाच जबर फटक्यापुढे मात्र ते तोकडे पडते. त्यामुळे छतावर नेमबाज दिसला की चिलखताच्या भरवशावर उघड्यावर उभे राहू नका, भिंतीचा आडोसा घ्या.

मग निवड कशी करायची? लेदर आर्मर हलके असते आणि गोळ्यांपेक्षा लेझरपुढे जास्त तग धरते. मेटल आर्मर याच्या उलट: गोळ्यांसाठी भक्कम, एनर्जीसाठी कच्चे आणि अंगावर जड. कॉम्बॅट आर्मर दोन्हीकडे समतोल राखते, म्हणून बहुतेक खेळाडू शेवटी त्यावरच स्थिरावतात; गनर्स टोळीच्या अंगावर ते सर्रास सापडते. सिंथांचे, म्हणजे खेळातल्या कृत्रिम माणसांचे, सिंथ आर्मरही दोन्ही बाजूंनी चांगले आहे. रेडर आर्मर सुरुवातीचे काही तास सोडले तर सांभाळून ठेवण्याजोगे नाही. प्रत्येक प्रकारात साधा, स्टर्डी आणि हेवी असे चढते दर्जे असतात, आणि माझ्या मते स्टर्डी हा दर्जा वजन आणि संरक्षण यांचा सर्वांत चांगला मेळ घालतो. पाचही तुकडे एकाच प्रकारचे असावेत, असे कोणतेही बंधन नाही. सिंथांच्या मुलखात जायचे असेल तर एनर्जीचा आकडा वाढवा, रेडरांच्या तळावर जायचे असेल तर डॅमेजचा. सर्व्हायव्हल या सर्वांत कठीण पातळीवर तर वजनाचा विचार आणखी काटेकोरपणे करावा लागतो, कारण तिथे गोळ्यांनाही वजन असते आणि फास्ट ट्रॅव्हल, म्हणजे नकाशावरून थेट दुसरीकडे जाण्याची सोय, नसते.

[पडद्यावर: आर्मर वर्कबेंच]

आता वर्कबेंचकडे, म्हणजे चिलखत सुधारण्याच्या टेबलाकडे, येऊ. मूळ खेळात चिलखत शून्यातून घडवता येत नाही. सापडलेल्या तुकड्यावर मॉड, म्हणजे सुधारणेचा जोडभाग, चढवून ते सुधारायचे असते. वरच्या दर्जाचे मॉड बनवण्यासाठी आर्मरर हा पर्क, म्हणजे पात्राचे खास कौशल्य, लागतो. पात्राचा स्ट्रेंग्थ हा गुण ३ असला की तो पहिल्याच लेव्हलपासून घेता येतो आणि पुढचे टप्पे लेव्हल १३, २५ आणि ३९ ला उघडतात. तुकड्यावर दोन प्रकारचे मॉड बसतात. एक त्याच्या मटेरियलचा, ज्याने प्रतिकाराचे आकडे वाढतात. दुसरा इतर सोयींचा, आणि वर सांगितलेल्या गणितामुळे या दुसऱ्या मॉडचे मोल मला अधिक वाटते. खिशांचा मॉड लावला की वाहून नेण्याची क्षमता वाढते, पायांना मफल्ड लावला की चाहूल कमी लागते, आणि छातीला डेन्स लावला की स्फोटांची इजा लक्षणीय घटते. डेन्सबद्दल मी आग्रहाने सांगेन, कारण सुरुंग आणि ग्रेनेड यांनी जितक्या वेळा खेळ संपतो तितका तो बंदुकीच्या गोळ्यांनी संपत नाही.

एक बारकावा जवळून दाखवतो. हे पाहा: एका गनरच्या छातीवरून काढलेले साधे कॉम्बॅट आर्मर, ज्यावर पॉलिमर मॉड आधीच बसवलेला आहे. माझा आर्मरर पर्क अजून तो बनवण्याइतका वर गेलेला नाही. मी हा तुकडा वर्कबेंचवर घेतो, मटेरियलच्या यादीत सर्वांत खालचा, साधा पर्याय निवडतो आणि बसवतो. पॉलिमर मॉड नष्ट होत नाही. तो सुटा होऊन सामानात येतो. आता माझ्याकडचा कॉम्बॅट आर्मरचाच स्टर्डी छातीचा तुकडा निवडतो, आणि यादीत पॉलिमर बसवण्यासाठी तयार दिसतो. सुटा मॉड बसवायला पर्क लागत नाही. अट इतकीच की तो त्याच प्रकारच्या आणि त्याच अवयवाच्या चिलखतावर चढवायचा. म्हणून वर्कबेंचवर तपासल्याशिवाय एकही कॉम्बॅट आर्मर विकू नका.

मॉड बनवताना सर्वांत आधी संपतो तो चिकट पदार्थ, म्हणजे अधेसिव्ह. डक्ट टेप आणि वंडरग्लू शोधत घरोघर फिरण्यापेक्षा वस्तीत शेती करा: ३ मके, ३ टॅटो, ३ मटफ्रूट आणि १ शुद्ध पाणी, यांतून चुलीवर व्हेजिटेबल स्टार्च तयार होते आणि त्यातून ५ अधेसिव्ह मिळतात. वस्त्यांमध्ये सामानाची ने-आण सुरू करायची असेल तर करिश्मा ६ चा लोकल लीडर पर्क घ्यावा.

पॉवर आर्मरचा, म्हणजे आत शिरून चालवायच्या यांत्रिक चिलखताचा, विषय मी आज थोडक्यात आटोपतो. त्यात शिरल्यावर आतल्या चिलखताचा प्रतिकार मोजला जात नाही, त्याला ऊर्जा पुरवणारा फ्यूजन कोअर हालचालीबरोबर खर्च होत राहतो आणि भाग मोडले की दुरुस्ती करावी लागते. साधे चिलखत मात्र या खेळात झिजत नाही. म्हणून पॉवर आर्मर ठरावीक मोहिमेसाठी राखून ठेवावे, असे मला वाटते.

आणि आता आतल्या थराविषयी, ज्याकडे बहुतेकांचे दुर्लक्ष होते. बॉस्टनची फ्रीडम ट्रेल ही खऱ्या शहरातली ऐतिहासिक वाट खेळातही आहे. तिच्या खुणा पाहत गेलात की १७२३ मध्ये उभारायला सुरुवात झालेल्या ओल्ड नॉर्थ चर्चपाशी पोहोचता, आणि त्याच्या तळघरात रेलरोड ही गुप्त संघटना भेटते. तिच्यात सामील व्हा, पॅम या रोबोने दिलेली जॅकपॉट मोहीम पूर्ण करा आणि टिंकर टॉमशी बोला. तो बॅलिस्टिक वीव्ह, म्हणजे साध्या कपड्यालाच चिलखत बनवणारा विणीचा मॉड, शिकवतो. याची पाचवी पायरी कपड्यावर चढली की त्या कपड्याला डॅमेज आणि एनर्जी या दोन्हींसाठी ११० प्रतिकार मिळतो. मघाचीच ४० ताकदीची गोळी आठवा: केवळ या कपड्यामुळे तिची इजा चौदाच्या आसपास येते, तेही वरचा एकही तुकडा न घालता. मिलिटरी फटीग्स किंवा आर्मी फटीग्स निवडा, कारण त्यांच्यावर पाचही तुकडे चढवता येतात. न्यूजबॉय कॅपसारख्या काही टोप्याही हा मॉड स्वीकारतात.

या विणीसाठी बॅलिस्टिक फायबर लागतो, आणि तो फारच थोड्या वस्तूंमधून निघतो. लष्करी चौक्यांवर पडलेल्या दारूगोळ्याच्या पिशव्या आणि लष्करी डक्ट टेप दिसली की उचला, आणि वर्कबेंचवर फायबरला शोधखूण लावून ठेवा, म्हणजे तो ज्या वस्तूत असेल तिच्या नावापुढे भिंगाचे चिन्ह दिसू लागेल.