मधे खांब नसलेली जागा

नमस्कार मंडळी. पत्रिकेत विषय छापलाय, ‘आपल्या शहरांना कसं प्रदर्शन केंद्र हवं?’ त्यावर मी बोलणारच आहे, पण आधी दिल्लीच्या प्रगती मैदानावर जाऊन यायला हवं. किती जणांनी पाहिलंय? बरेच हात वर आले. कुणी चौदा नोव्हेंबरला सुरू होणाऱ्या व्यापार मेळ्याला गेलं असेल, कुणी पुस्तक मेळ्याला. आणि ज्यांची मुलं तेव्हा लहान होती, ते तिथल्या अप्पू घर या करमणूक बागेत. हसताय, म्हणजे नक्की गेला होतात!

प्रदर्शनाच्या इमारतीत सगळ्यात मोलाची असते ती मोकळी जागा, मधे एकही खांब नसलेली. कारंजी, काचा, दर्शनी भाग हे सगळं त्यानंतर.

हे मला पुस्तकातून कळलेलं नाही. नोकरीच्या सुरुवातीला आमच्या कंपनीने एका प्रदर्शनात स्टॉल घेतला होता. शहराचं आणि हॉलचं नाव राहू द्या. तीन बाय तीनचा स्टॉल, नऊ चौरस मीटरचं भाडं आगाऊ भरलेलं. आदल्या रात्री पॅकिंगचं यंत्र टेम्पोतून घेऊन पोचलो, तर स्टॉलच्या आत चांगला दोन फुटी कॉलम! आम्हाला पाठवलेल्या नकाशात तो दाखवलेलाच नव्हता. यंत्राचं दार बाजूला उघडायचं, त्याला अडीच फूट हवे होते. कॉलमपासून जेमतेम दीड फूट उरत होते. फिरवून पाहिलं, तिरपं लावून पाहिलं. सुतार म्हणाला, पार्टिशन काढतो. शेजारचा स्टॉलवाला म्हणाला, हात लावून बघा! आयोजकांच्या माणसाने तोडगा काढला, ‘कॉलमला फ्लेक्स लावा, तेवढीच जाहिरात.’ भाडं मात्र नऊ मीटरचंच, कॉलमसकट. प्रदर्शन संपेपर्यंत ते यंत्र बंद दारानिशी उभं होतं आणि आत काय आहे ते आम्ही गिऱ्हाइकांना फोटोत दाखवत होतो. यात हसण्यासारखं आहे, मान्य. पण लहान उद्योजक वर्षभराची पुंजी अशा एका स्टॉलमध्ये घालतो, म्हणून मला त्याची अजून चीड येते.

आता प्रगती मैदान. स्वातंत्र्याला पंचवीस वर्षं झाली तेव्हा, १९७२ मध्ये, तिथे ‘एशिया ७२’ हा आंतरराष्ट्रीय मेळा भरला. त्यासाठी हॉल ऑफ नेशन्स बांधला. वास्तुरचनाकार राज रेवाल, संरचना अभियंते महेंद्र राज. हे महेंद्र राज चंदीगडला, ते शहर आखणारे वास्तुरचनाकार ल कॉर्बुझिए यांच्या इमारतींवर काम केलेले. या हॉलचा मोकळा गाळा, म्हणजे दोन आधारांमधलं अंतर, ७८ मीटरचा. क्रिकेटच्या जवळजवळ चार खेळपट्ट्या एका रेषेत मांडा, आणि मधे एकही कॉलम नाही!

हे साधलं स्पेस फ्रेमने. म्हणजे त्रिकोणात जोडलेल्या लहान लहान दांड्यांचं जाळं. एका दांडीवर आलेला भार शेजारच्या सगळ्या वाटून घेतात. असं जाळं एरवी पोलादाच्या नळ्यांचं करतात. आपल्याकडे तेव्हा पोलाद महाग आणि दुर्मिळ, हात मात्र भरपूर. म्हणून या दोघांनी ते काँक्रीटमध्ये, जागेवरच ओतून करायचं ठरवलं. काँक्रीटमधली एवढी मोठी स्पेस फ्रेम त्याआधी जगात कुणी उभारली नव्हती, असं मानतात. साइटवर काम केलेल्यांनी कल्पना करून पाहा. तिरप्या दांड्या वेगवेगळ्या दिशांनी येऊन एका सांध्यात मिळतात. सगळ्यांच्या सळया तिथे एकमेकींत घुसतात. त्या गर्दीत खडी अडकू न देता काँक्रीट तळापर्यंत पोचवायचं, तेही उंचावर. शटरिंगच्या, म्हणजे काँक्रीट ओतायच्या साच्याच्या, सुताराचा कोन जरा चुकला तर पुढची दांडी जुळतच नाही. ते ज्यांनी जमवलं त्या सुतार-फिटरांची नावं कुठे लिहिलेली नाहीत. त्यांना माझा नमस्कार. शिवाय याच जाळीने दिल्लीचं ऊन अडवलं, वेगळी झडप लावावी लागली नाही.

एप्रिल २०१७ मध्ये एका रविवारी रात्री हा हॉल पाडायला घेतला आणि सोमवारी सकाळी तिथे ढिगारा होता. देशा-परदेशांतल्या संस्थांनी विनवण्या केल्या होत्या, प्रकरण न्यायालयातही गेलं होतं. उत्तर काय मिळालं? वारसा म्हणायला इमारत साठ वर्षांची हवी. ही पंचेचाळीसची! म्हणजे स्वतंत्र भारताने उभारलेलं जवळपास काहीच तेव्हा त्या व्याख्येत बसत नव्हतं.

चिठ्ठी आली, पाचच मिनिटं उरली आहेत. तर मूळ विषय.

त्या आवारात आज भारत मंडपम् आहे. जुलै २०२३ मध्ये उद्घाटन झालं, सप्टेंबरात तिथे जी-२० परिषद झाली. सोयी उत्तम आहेत, आणि मोठ्या परिषदांना नवी इमारत हवीच होती. पण ती जुन्या हॉलशेजारी उभी राहू शकली असती, असं माझं ठाम मत आहे.

आपल्याकडे गोरेगावला नेस्कोत प्रदर्शनं भरतात, मोशीला डिसेंबरात किसान प्रदर्शन भरतं. तिथे ट्रॅक्टर येतात, पंप येतात, लोटच्या लोट माणसं येतात. अशा केंद्राचा आराखडा समोर आला की आधी मागची बाजू पाहा. ट्रक थेट हॉलपर्यंत येतो का? जमीन दर चौरस मीटरला किती वजन पेलते? वीज आणि दाबाची हवा फरशीखालच्या चरातून मिळते की वायरी पायात येतात? मेट्रो किंवा लोकलपासून दार किती लांब? आणि कॉलम कुठे कुठे आहेत, ते स्टॉलच्या नकाशावर छापायची सक्ती हवी.

जुन्या इमारतींचं म्हणाल, तर मुंबईने १९९५ मध्येच वारसा नियमावली करून इमारतींच्या श्रेणी ठरवल्या. त्याच धर्तीवर प्रत्येक शहराने १९५० ते १९८० मधल्या बांधकामांची यादी करावी, वयाची अट न घालता. बाजार, नाट्यगृहं, बसस्थानकं, सगळी. त्यांचे मूळ आराखडे नगरपालिकांच्या कपाटांत वाळवी खातेय, ते आधी स्कॅन करून घ्या. या कामाला विद्यार्थी हवे आहेत. ज्यांना यायचंय त्यांनी खाली येऊन नावं द्या.