माझदा: हिरोशिमाचा हट्ट

श्रोतेहो, नमस्कार.

'माझदा' हे नाव आपल्याकडे बहुतेकांनी वाचलं ते शाळेच्या बसवर किंवा छोट्या ट्रकच्या दर्शनी भागावर. स्वराज माझदा. १९८० च्या दशकात पंजाबातल्या कारखान्यात या गाड्या तयार होऊ लागल्या आणि हलक्या मालवाहतुकीत त्यांनी चांगला जम बसवला. मूळ जपानी कंपनीच्या मोटारी मात्र आपल्या शोरूममध्ये आल्या नाहीत. त्यामुळे टोयोटा, होंडा, सुझुकी यांची नावं घरात जशी घेतली जातात, तशी माझदाची घेतली जात नाहीत. जगात मात्र या कंपनीचा लौकिक काही वेगळाच आहे. ज्या इंजिनाचा नाद इतरांनी सोडून दिला, त्याच्या पायी कर्जबाजारी होऊनही ते न सोडणारी कंपनी, असा तो लौकिक. आज या इंजिनाबद्दल आणि ते सांभाळणाऱ्या माणसांबद्दल बोलायचं आहे.

सुरुवात झाली ती बुचांपासून. १९२० साली हिरोशिमात 'टोयो कॉर्क कोग्यो' नावाची कंपनी निघाली. पहिल्या महायुद्धात परदेशी कॉर्क मिळेनासं झालं होतं, म्हणून स्थानिक झाडांच्या सालीपासून ते बनवायचं, हा धंदा. युद्ध संपल्यावर चांगला परदेशी माल परत आला आणि धंदा बसला. पुढच्याच वर्षी सूत्रं जुजिरो मात्सुदा यांच्याकडे आली. हे कोळ्याच्या घरात जन्मलेले, लोहाराकडे उमेदवारी केलेले गृहस्थ. त्यांनी कंपनी यंत्रांकडे वळवली, १९२७ साली नावातलं 'कॉर्क' काढून टाकलं आणि १९३१ साली तीनचाकी मालगाडी बाजारात आणली. तिचं नाव 'माझदा-गो'. पारशी बांधवांच्या अहुर माझदाचं नाव आणि मात्सुदा हे आडनाव, दोन्ही त्यात जमून आलं.

६ ऑगस्ट १९४५. मात्सुदांचा सत्तरावा वाढदिवस, आणि त्याच सकाळी हिरोशिमावर अणुबाँब पडला. कारखाना शहराच्या पूर्वेला फुचू इथे, स्फोटाच्या जागेपासून पाचेक किलोमीटरवर होता आणि मध्ये हिजियामा नावाची टेकडी होती. तिच्या आडोशाने इमारती उभ्या राहिल्या. शहरातली सरकारी कार्यालयं नष्ट झाली होती, म्हणून प्रांताचा कारभार काही काळ याच कारखान्यातून चालला. त्याच वर्षी डिसेंबरात तीनचाकी गाड्या पुन्हा बाहेर पडू लागल्या. राखेतून उभ्या राहणाऱ्या शहराला ओझं वाहायला याच गाड्या होत्या. हिरोशिमातली माणसं आजही या कंपनीला आपली मानतात. तिथल्या बेसबॉल संघाच्या नावातलं 'टोयो' हे याच कारखान्याचं.

पहिली मोटार १९६० साली आली, आर-३६०. ३५६ सीसीची, अगदी चिमुकली. पण तेवढ्यात संकट वेगळ्याच बाजूने आलं. जपानच्या व्यापार आणि उद्योग मंत्रालयाने मोटार कंपन्या फार झाल्या, त्यांचे दोन-तीन गट करू, असा विचार मांडला. लहान कंपनीने मोठीत विलीन व्हायचं, असाच त्याचा अर्थ होता. जुजिरोंचे चिरंजीव त्सुनेजी मात्सुदा तेव्हा अध्यक्ष होते. दुसऱ्या कोणाकडे नाही असं काहीतरी हातात असेल तरच आपण टिकू, हा त्यांचा हिशेब. म्हणून १९६१ साली त्यांनी जर्मनीच्या एनएसयू कंपनीशी करार केला आणि फेलिक्स वांकेल यांच्या रोटरी इंजिनाचा परवाना घेतला. या निर्णयाला पुष्कळ जण तंत्रवेडेपणा म्हणतात. मला तो आधी धंद्याचा डाव वाटतो, वेड नंतर आलं.

आता हे इंजिन डोळ्यांसमोर आणू. नेहमीच्या इंजिनात पिस्टन वर-खाली होतो आणि क्रँक त्याचं फिरणं करतो. रोटरीत पिस्टनच नाही, व्हॉल्व्हही नाहीत. कमरेत किंचित दबलेला लंबगोल डबा, त्यात फुगीर बाजूंचा त्रिकोणी रोटर. रोटर डब्यात फिरतो तेव्हा त्याची तिन्ही टोकं भिंतीला सतत चिकटून असतात. त्यामुळे तीन कप्पे होतात आणि ते आळीपाळीने मोठे-लहान होतात. प्रत्येक कप्प्यात ओढणं, दाबणं, पेटणं, बाहेर टाकणं ही चारही कामं रोटरच्या एका फेरीत उरकतात. तेवढ्यात मधला शाफ्ट तीन वेळा फिरतो. भाग कमी, वजन कमी, थरथर जवळजवळ नाही.

मेख आहे ती त्या तीन टोकांत. प्रत्येक टोकाला खाच, खाचेत स्प्रिंग आणि स्प्रिंगवर धातूची बारीक पट्टी. हिला एपेक्स सील म्हणतात. पुढे गाजलेल्या १३-बी इंजिनात ही पट्टी सुमारे ८० मिलिमीटर लांब आणि शेवटच्या काळात फक्त २ मिलिमीटर जाड होती. दाब धरून ठेवायचं सगळं काम तिचं. कुकरची रिंग कडक झाली की आच कितीही द्या, शिट्टी होत नाही, तसंच हे.

हिरोशिमात पहिली इंजिनं चालवली तेव्हा डब्याच्या आतल्या चकचकीत मुलाम्यावर काही तासांतच आडवे ओरखडे उमटू लागले. कामगारांनी त्यांना सैतानाची नखं म्हटलं. सील भिंतीवर सरकताना विशिष्ट वेगाला थडथडत होती आणि दर थडथडीला एक ओरखडा पडत होता. १९६३ साली केनइची यामामोतो यांच्या हाताखाली ४७ अभियंत्यांचा स्वतंत्र विभाग झाला. सीलच्या टोकाजवळ आडवी-उभी छिद्रं पाडून तिची कंपनं बदलली, तेव्हा ओरखडे थांबले. पण ती सील कारखान्यात हजारोंनी बनवायला अवघड. शेवटी कार्बनमध्ये ॲल्युमिनियम मुरवलेली सील आली. ती १००० तासांच्या चाचणीत, म्हणजे साधारण एक लाख किलोमीटरच्या प्रवासाइतक्या, टिकली. मे १९६७ मध्ये कॉस्मो स्पोर्ट ही रोटरी मोटार विक्रीला आली. दोन रोटर, ९८२ सीसी, ११० अश्वशक्ती. त्या काळी त्या मापाच्या इंजिनातून एवढी ताकद ऐकूनच माणसं थबकत.

त्याच वर्षी मूळ मालक एनएसयूने आपली रोटरी मोटार आरओ-८० आणली. तिची इंजिनं लवकर बसू लागली, वॉरंटीत बदलून देता देता कंपनी खचली आणि १९६९ साली फोक्सवॅगनच्या पोटात गेली. इंजिन एकच. फरक पडला तो सीलवर घालवलेल्या वर्षांचा.

हिरोशिमाचं चांगलं चाललं होतं, तोवर ऑक्टोबर १९७३ उजाडला. तेल महागलं. अमेरिकेच्या पर्यावरण खात्याने गाड्यांच्या ॲव्हरेजचे आकडे छापले; रोटरी गाड्यांचा आकडा गॅलनला जेमतेम १० ते ११ मैल, म्हणजे लिटरला साडेचार किलोमीटरच्या आसपास. कारण इंजिनाच्या घडणीतच आहे. पेटण्याचा कप्पा लांबट आणि चपटा असतो. ज्योत सगळीकडे पोचेपर्यंत काही पेट्रोल न जळताच बाहेर जातं आणि भिंतींना उष्णताही जास्त जाते. म्हणून तर प्रत्येक रोटरला दोन प्लग द्यावे लागतात. अमेरिकेतली विक्री वर्षभरात निम्म्यावर आली आणि कंपनी बुडायच्या बेतात गेली. सुमितोमो बँकेने कर्ज दिलं, आपली माणसं बसवली आणि मात्सुदा घराण्याच्या हातून कारभार गेला. सरसकट नोकरकपात केली नाही; कारखान्यातली हजारो माणसं विक्रेत्यांकडे गाड्या विकायला पाठवली. १९७९ साली फोर्डने जवळजवळ चतुर्थांश हिस्सा घेतला.

आणि हे सगळं चालू असताना या लोकांनी काय केलं? रोटरीचं ॲव्हरेज ४० टक्क्यांनी सुधारायचा कार्यक्रम हाती घेतला आणि १९७८ साली आरएक्स-७ ही रोटरी गाडी आणली. २००२ पर्यंत ती आठ लाखांहून अधिक खपली. ओरखड्यांशी झगडणारे यामामोतो १९८४ साली कंपनीचे अध्यक्ष झाले.

१९९१ ची ल माँ, म्हणजे फ्रान्समधली चोवीस तासांची मोटारशर्यत, अनेकांना तोंडपाठ असेल, म्हणून थोडक्यात सांगतो. चार रोटरची ७८७-बी, ५५ नंबरची, नारिंगी-हिरवी. एकोणिसाव्या जागेवरून सुटली. शेवटच्या तीनेक तासांत पुढची मर्सिडीझ बंद पडली आणि माझदा ३६२ फेऱ्या मारून पहिली आली. तिथे जिंकणारी ही पहिली जपानी कंपनी. शेवटी गाडी हाकणारे जॉनी हर्बर्ट पाणी न मिळाल्याने उतरताच कोसळले आणि बक्षिसाच्या मंचावर जाऊ शकले नाहीत. जिंकली म्हणून रोटरीवर बंदी आली, असं हमखास सांगितलं जातं. ते खरं नाही. साडेतीन लिटरच्या पिस्टन इंजिनांचा नियम आधीच ठरला होता.

जिंकल्यानंतरची वर्षं वाईट गेली. जपानात एकाच कंपनीच्या पाच वेगवेगळ्या नावांनी दुकानं काढली होती. गिऱ्हाईक गोंधळलं, पैसा अडकला. १९९६ साली फोर्डने हिस्सा तेहतीस टक्क्यांवर नेला आणि हेन्री वॉलेस अध्यक्ष झाले. जपानी मोटार कंपनीचे ते पहिले परदेशी अध्यक्ष. या पडत्या काळात नाव राखलं ते १९८९ च्या एमएक्स-५ ने. दोन माणसांची उघडी, हलकी, साध्या पिस्टन इंजिनाची गाडी. २०१६ साली तिने दहा लाखांचा टप्पा गाठला.

आता थोडं गॅरेजमध्ये जाऊ. आपली बरीच मंडळी इंग्लंड, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, आखातात राहतात आणि तिथे जुनी आरएक्स-८ स्वस्तात दिसते. २००३ ते २०१२ या काळातली ही माझदाची रोटरी गाडी. दिसायला देखणी, चार दारं, इंजिन ९ हजार आरपीएमपर्यंत जाणारं. स्वस्त का, ते समजून घ्या.

ती ऑईल पिते, आणि ते बिघाडामुळे नाही. सीलला वंगण मिळावं म्हणून एक छोटा पंप मुद्दाम थोडं ऑईल आत सोडतो आणि ते जळून जातं. म्हणून दर दुसऱ्या टाकीला डिपस्टिक बघायची. ज्याने दोन सर्व्हिसिंगच्या मधे कधी बॉनेट उघडलं नाही, त्याच्याकडची गाडी घेऊ नका.

दुसरं म्हणजे थंड गाडी सुरू करून पार्किंगमधून चार हात पुढे घ्यायची आणि बंद करायची, हे या इंजिनाला चालत नाही. इंजिन थंड असताना पेट्रोल जास्त सोडलेलं असतं. ते भिंतीवरचा ऑईलचा थर धुऊन नेतं, सील दाब धरत नाही आणि पुढच्या वेळी गाडी उचलत नाही. तसं झालंच तर ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून धरा आणि सेल्फ मारा. पूर्ण दाबला की पेट्रोल येणं बंद होतं. दहा सेकंदांहून जास्त एका दमात नको, मध्ये स्टार्टरला थंड होऊ द्या. तरी नाहीच, तर चारही प्लग काढून कोरडे करा किंवा बदला, छिद्रातून थोडं इंजिन ऑईल सोडा आणि बॅटरी पूर्ण चार्ज करून पुन्हा प्रयत्न करा. प्लग दोन प्रकारचे असतात, लीडिंग आणि ट्रेलिंग. त्यांची अदलाबदल करायची नाही.

प्लगला ठिणगीसाठी वीज पुरवणाऱ्या इग्निशन कॉइलकडेही लक्ष हवं. कॉइल दुबळी झाली की न जळलेलं पेट्रोल धूर स्वच्छ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन तिथे पेटतं, कन्व्हर्टर तापून चोंदतो, गरम धूर इंजिनाकडे मागे दाबला जातो आणि शेवटी सील जातात. एका कॉइलचा कंजूषपणा पूर्ण इंजिनकामावर येतो. टेम्परेचरचंही तसंच. बीडाच्या तीन प्लेटा आणि ॲल्युमिनियमचे दोन डबे एकावर एक कसलेले असतात. दोन्ही धातू सारखे फुगत नाहीत. गाडी एकदा भरपूर तापली की मधल्या पाण्याच्या रिंगा गेल्याच समजा.

घेण्याआधी दोन चाचण्या करा. चांगली वीस मिनिटं चालवून गाडी बंद करा, पाच मिनिटं थांबा आणि परत सुरू करा. गरम इंजिन बराच वेळ नुसतं फिरत राहिलं तर कॉम्प्रेशन, म्हणजे कप्प्यातला दाब, उतरलंय. मग रोटरीचा खास मीटर लावून घ्या. साधा गेज तीन कप्प्यांपैकी फक्त सगळ्यात चांगला आकडा दाखवतो आणि फसवतो. २५० आरपीएमला प्रत्येक कप्प्यात किमान ६८० किलोपास्कल हवेत, आणि एकाच रोटरच्या कप्प्यांत १५० हून जास्त फरक नको. ही दुखणी कंपनीलाही मान्य होती; अमेरिकेत सुरुवातीच्या वर्षांच्या आरएक्स-८ ची इंजिन वॉरंटी तिने ८ वर्षांपर्यंत वाढवली. पुढे २०२३ साली एमएक्स-३० या विजेच्या गाडीत ८३० सीसीचा एकच रोटर फक्त बॅटरी भरायला बसवला, तेव्हा एपेक्स सील २ वरून अडीच मिलिमीटर जाड केली.

रोटरीच्या नादात या लोकांच्या पिस्टन इंजिनांकडे दुर्लक्ष होतं. २०११ पासूनच्या स्कायॲक्टिव्ह इंजिनांत त्यांनी पेट्रोलचं कॉम्प्रेशन, म्हणजे मिश्रण किती पट दाबायचं ते प्रमाण, १४ पर्यंत चढवलं आणि डिझेलचं १४ वर उतरवलं. पेट्रोलला एवढ्या दाबावर नॉकिंग होतं, म्हणजे ते आपोआप भलत्या वेळी पेटतं, म्हणून लांब एक्झॉस्ट नळ्या देऊन आत उरणारा गरम धूर कमी केला. डिझेलचा दाब कमी, म्हणून इंजिन हलकं झालं.

पण याच २.२ लिटरच्या डिझेलला एक खोड आहे. धुराच्या फिल्टरमधली काजळी जाळायला इंजिन वेळोवेळी जादा डिझेल सोडतं. गाडी रोज दोन-चार किलोमीटरच चालत असेल तर जाळणं अर्ध्यावर तुटतं आणि उरलेलं डिझेल सिलिंडरच्या भिंतीवरून खाली ऑईलमध्ये उतरतं. ऑईल वाढतं आणि पातळ होतं. डिपस्टिकवर 'फुल'च्या वर फुलीची खूण आहे. पातळी तिथे पोचली तर किलोमीटर मोजत बसू नका, ऑईल लगेच बदला. रोजचा प्रवास एवढाच असेल तर याच गाडीचं पेट्रोल मॉडेल घ्या.

नमस्कार.